खंडेनवमीचं पिस्तूल

“मार की! मार! दम असंल तर दुसरी पण फोड!” असं तू ओरडत होतास दिग्या, आणि तोवर पहिली बाटली तुझ्या कपाळावर फुटून झाली होती. स्वस्तातल्या रमची, मोठ्या साइजची. रक्त आणि रम दोन्ही तुझ्या मिशांवरून गळत होतं आणि तू जीभ बाहेर काढून त्यातलं नेमकं काय चाटत होतास, ते मला आजवर कळलेलं नाही. समोर तो सहा फुटी गडी. पहिल्या दिवशी तो सहा फूटच होता. मी ही गोष्ट सांगायला लागल्यापासून गणपतीपर्यंत तो सात फुटांवर गेला, आणि तू कधी हरकत घेतली नाहीस. “मला मारणारा बुटका असून कसं चालंल?” म्हणालास. त्याला मराठी येत नव्हतं, पण तुझ्या आवाजातलं आमंत्रण त्याला बरोब्बर समजलं. त्यानं दुसरी बाटली उचलली आणि फोडली. तुझ्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यावर.

मी चिप्सच्या रॅकमागे होतो. लपलो नव्हतो, लोक काहीही बोलतात. मी तिथून हल्ल्याचा कोन बघत होतो. शेवटी बीन्सचा डबा उचलून भिरकावला, तो नेमका तुझ्याच खांद्यावर बसला, आणि तो गडी हसत हसत गल्ल्याचा अख्खा खण उपसून घेऊन गेला. तू खाली बसलास आणि एका डोळ्यानं माझ्याकडे बघून म्हणालास, “संत्र्या, तू कुणाच्या बाजूनं होतास लेका?”

मी नागपूरचा म्हणून संत्र्या. तू कोल्हापूरचा म्हणून सगळ्यांचा बाप. मोटारीच्या दारांचे साचे डिझाइन करणारा माणूस तू. कंपनीनं कामावरून काढून हातात सामानाचा खोका दिला तेव्हा म्हणालास, आता कुणाची चाकरी नाही, आणि आपल्या नोव्हाय गावापासून तासाभराच्या अंतरावर पार्टी स्टोअर घेतलंस. मिशिगनमध्ये पार्टी स्टोअर म्हणतात, पण पार्टी कसली, बिअर, सिगरेट, लॉटरी आणि कोपऱ्यात शिळा ब्रेड. महाराष्ट्र मंडळात काय हसले होते सगळे! “मराठी माणूस दारूच्या दुकानात, आणि काउंटरच्या आतल्या बाजूला? पहिल्यांदाच पाहिला!” तू पण हसलास. तुझं हसणं म्हणजे मिक्सरमध्ये खडे घातल्यासारखं.

हॉस्पिटलात तुझ्या डोक्याला इतके टाके घातले की डॉक्टरचा दोरा संपून नर्सला शेजारच्या वॉर्डात पळावं लागलं. बरं, नसेल संपला. पण ती पळाली होती एवढं खरं. वैजू वहिनी कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. रडल्या नाहीत. तुझा रक्तानं कडक झालेला शर्ट घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, “अहो, एक तर दुकान विका, नाहीतर पिस्तूल घ्या. मी हे दर महिन्याला धुणार नाही.”

लोकांना वाटतं ते पिस्तूल तुझी हौस. सांगत नाही मी कुणाला. तुला सांगतो, कारण तुला ठाऊकच आहे.

लायसन्सचा क्लास केलास, कमरेला शर्टाखाली लपेल असं आखूड, जाडसर पिस्तूल घेतलंस, आणि मग आपण नेमबाजीच्या रेंजवर गेलो. देवा रे! पिस्तुलाच्या मागे एक खाच असते, पुढे एक खुंटा. खाचेत खुंटा बसवायचा आणि खुंट्यावर माणूस बसवायचा. म्हणजे तीन अंतरांवर एकाच वेळी नजर. तुला चाळिशी लागलेली, वर उजव्या डोळ्यावर रम फुटलेली. तुला खुंटा दिसला की खाच विरघळायची, खाच दिसली की माणूस गायब. तू गोळ्या झाडल्यास. तुझं टार्गेट कुमारिका राहिलं. पण शेजारच्या लेनमधल्या म्हातारीच्या टार्गेटचा तू कपाळमोक्ष केलास. ती कानावरचे मफ काढून “थँक यू, हनी” म्हणाली, आणि मालकानं आपल्याला बाहेर काढलं.

त्या दिवशी गाडीत बसलो. मी रेडिओ लावला, तू बंद केलास. म्हणालास, “म्हणजे आता मी फक्त मार खायच्या लायकीचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. “संत्र्या, एक वस्तू सापडली!” इंटरनेटवरचे बंदूकवाल्यांचे फोरम वाचून वाचून तुझा चांगला डोळापण लाल झालेला. वस्तू म्हणजे रेड डॉट. अंगठ्याएवढी काच, तिच्यात लाल ठिपका तरंगतो. खाच नको, खुंटा नको. दोन्ही डोळे उघडे ठेवून माणसाकडे बघायचं. ठिपका जिथं, गोळी तिथं. नेमबाजीच्या स्पर्धेतले लोक ते आपल्या हातभर लांब पिस्तुलांवर बसवतात. कमरेला लावायच्या आखूड पिस्तुलावर कुणी बसवत नाही. बंदुकीच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, धोतरावर टाय बांधतात का? म्हणजे तो त्याच्या भाषेत जे म्हणाला त्याचा मी लावलेला अर्थ हा. तू त्याला म्हणालास, “माझे आजोबा बांधायचे.” हे मात्र तू खरंच म्हणालास, आणि तेही मराठीत.

ठिपका निवडायला आपण त्याच्या दुकानाबाहेर पार्किंग लॉटमध्ये उभे. तू एकेक काच डोळ्याला लावून पलीकडच्या डोनटच्या पाटीवर नेम धरत होतास, आणि आतले लोक खाली वाकत होते. लहान ठिपका अचूक, पण सापडायला उशीर. मोठा पटकन सापडतो, पण समोरच्याचं अर्धं डोकं झाकतो. तुझ्या फुटक्या डोळ्याला लहान ठिपका फुटलेल्या डाळिंबासारखा दिसायचा, मोठा ठेचलेल्या टोमॅटोसारखा. “टोमॅटो घेतो,” तू म्हणालास. “डाळिंबाचे दाणे मोजत बसायला वेळ कुणाला?”

इथवर आपलं जमलं. पुढे भांडण. एका काचेला बटणं होती, उजेड हातानं कमीजास्त करायचा. दुसरीला बटण नाहीच. माथ्यावर बाजरीच्या दाण्याएवढा एक डोळा, तो स्वतःच बाहेरचा उजेड मोजतो. ऊन असलं की ठिपका भडक, अंधार असला की मंद. मी म्हटलं, “काऊन बे, यंत्राच्या भरवशावर काऊन राहून राहिला? बटणवाली घे.” तू म्हणालास, “डोक्यात बाटली बसताना बटण दाबू होय रे? स्वतःचं स्वतः बघणारी पाहिजे मला.” मी गाड्यांच्या ब्रेकमध्ये आयुष्य घालवलंय, दिग्या. स्वतःचं स्वतः बघणाऱ्या वस्तूंचं काय होतं ते मी रोज टेबलावर उघडून बघतो. हे मी म्हणालो, आणि तू “गप की मर्दा” म्हणून बिनबटणाचीच घेतलीस. ते भांडण तिथंच पडलंय अजून. उचलणार कोण?

मग बसवणं. गॅरेजमध्ये तुझं ते मिलिंग मशीन, बंद पडलेल्या वर्कशॉपमधून उचलून आणलेलं, हत्तीएवढं. आधी तू सोपा मार्ग घेतलास. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे दर गोळीला मागे आदळून पुढे येणारा वरचा भाग, तिच्यातली मागची खाच काढली, तिच्या जागी पट्टी सरकवली, पट्टीवर दोन सुईएवढ्या स्क्रूंनी काच बसवली. रेंजवर गेलो. तू तीन-चार गोळ्या मारल्यास आणि स्क्रू तुटले. काच उडाली ती सरळ माझ्या कपाळावर. मी रक्तबंबाळ, आणि तू ओरडतोयस, “हलू नकोस! काचेला ओरखडा आलाय का बघू दे!” आधी काच उचललीस, मग मला. खूण आहे अजून. लोकांना मी सांगतो, गोळी चाटून गेली.

घरी येऊन तू स्लाइड मशीनवर चढवलीस. वहिनी एका हातात टॉर्च आणि एका हातात तेलाची कुपी घेऊन उभ्या, मी कपाळाला फडकं बांधून. पोलाद किंचाळत होतं. काच जेमतेम शिरेल, आणि शिरली की नखही जाणार नाही, असा खळगा तू कोरलास. त्या दिवशी तू जे म्हणालास ते मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवतो, माझं म्हणून. “स्क्रूनं मार खायचा नसतो संत्र्या. स्क्रूनं नुसतं धरून ठेवायचं. मार खायचा तो खळग्याच्या भिंतींनी.” निळा गोंद लावून स्क्रू आवळलेस, दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाहीस. नंतर शेकडो गोळ्या झाडल्यास, काच जागची हलली नाही.

मी म्हटलं, “मागची ती खाच दुसरीकडे कुठं तरी परत बसव. ठिपका गेला तर?”

“एकाच्या मागं दुसरा ठेवला की दोघंही आळशी होतात.”

“आणि ठिपका गेला तर?”

“ठिपका न्हाई तर गोळी न्हाई. बस्स.” असं म्हणून तू पिस्तूल कमरेला खोचलंस आणि शर्ट खाली ओढलास. वहिनींनी तुझे सगळे शर्ट चार बोटं मोठे करून घेतले होते.

तळघरात तू रिकामं पिस्तूल उपसण्याचा सराव करायचास. सुरुवातीला ठिपका सापडायचाच नाही. हात वर आला की काचेत नुसतं तळघर. मग तू नाक हलवत, मान हलवत ठिपका शोधायचास, मांजर माशी शोधतं तसं. मी जिन्यावर बसून प्रत्येक वेळी ओरडायचो, “मेलास! पुन्हा मेलास!” वॉटर हीटर किती वेळा ठार झाला, गणती नाही. वाळायला टाकलेल्या माझ्या कोटाला तर तू छातीत, पोटात आणि दोन्ही खिशांत मारलंस. हळूहळू हात आणि डोळा एक झाले. उपसलं की ठिपका हजर. एकदा वळून म्हणालास, “आता ये म्हणावं त्याला. दोन बाटल्या घेऊन ये म्हणावं.” तू हसत नव्हतास, दिग्या. मला पहिल्यांदा तुझी भीती वाटली.

खंडेनवमीला वहिनींनी पूजा मांडली. मिलिंग मशीन, व्हर्निअर, मिनीव्हॅन, मिक्सर, माझा लॅपटॉप (मीच नेला होता, सारखा बंद पडायचा म्हणून) आणि पाटावर मधोमध ते पिस्तूल, गोळ्या काढून, झेंडूचं फूल वाहून. वहिनींनी सगळ्यांना हळद लावली, ओल्या कुंकवाचं बोट लावलं. पिस्तुलाला कुठं लावायचं? सगळं काळं, तेलकट. काचेचा माथा तेवढा उंचावर, कपाळासारखा. तिथं लावलं. तू हात जोडून उभा होतास, डोळे मिटून.

दसऱ्याला पिस्तूल पुन्हा तुझ्या कमरेला. मी म्हटलं, “ते कुंकू पुस बे.” तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी चपला घालून देवघरात शिरलो. “पूजेचं पुसत नसतात. झडंल तेव्हा झडंल.” माझं तरी काय वेगळं? माझ्या गाडीच्या बॉनेटवरचं स्वस्तिक हिवाळ्यात रस्त्यावरच्या बर्फावर टाकलेलं मीठ उडेपर्यंत तिथंच असतं. केसाच्या जाडीचा फरक हातानं ओळखणारा तू, वाळलेल्या कुंकवाची पापडी तुला दिसली नाही असं नाही. तुझ्या लेखी ती घाण नव्हतीच. आणि तळघरात तू सराव करत राहिलास. तिथं आधीच अंधार; मंद ठिपकाही चांगला दिसायचा.

आता ती सकाळ. मी किती वेळा सांगितली असेल, आणि या एका गोष्टीत मला काही वाढवावं लागलेलं नाही.

शनिवार होता, मी तुझ्या मदतीला आलेलो. वॉक-इन कूलरमध्ये, म्हणजे त्या खोलीएवढ्या फ्रिजमध्ये, काचेच्या दारांच्या मागच्या बाजूनं दुधाचे कॅन पुढे सरकवत होतो. ऊन अजून तिरपं, दुकानाच्या दारातून सरळ आत, डोळे फाटतील असं. दार उघडलं. आत आलेला माणूस नुसती काळी आकृती. त्यानं खिशातून हात बाहेर काढला तेव्हा हातातलं पिस्तूल दिसलं. तो ओरडत होता, तू ओरडत नव्हतास. तुझा हात शर्टाखाली गेला आणि वर आला. मी असा हात हलताना कधी पाहिला नाही, तळघरातसुद्धा नाही. दोन्ही हात पुढे, दोन्ही डोळे उघडे. तुझं पिस्तूल त्याच्या आधी उठलं होतं, दिग्या. आधी. मी शपथेवर सांगितलंय.

आणि तू मारलं नाहीस.

तुझी मान किंचित हलली. एकदा. तुमच्यामध्ये फक्त काउंटर आणि लॉटरीच्या तिकिटांचा स्टँड. त्या अंतरावरून तू डोळे बांधून मारला असतास. वॉटर हीटर मारायचास तसा. त्याचा हात लटपटत होता, त्याची पहिली गोळी सिगरेटच्या फळीत गेली, दुसरी तुझ्या गळ्याखाली. तू मागच्या बाटल्यांवर आदळलास आणि सगळी फळी तुझ्यावर आली. व्होडका, व्हिस्की, जिन. मी कूलरचं दार लाथेनं उघडून बाहेर आलो तेव्हा तो पळालेला. दोन गल्ल्यांपलीकडे पकडला त्याला. मी तुझ्या गळ्यावर दोन्ही हात दाबून धरले, माझ्या सगळ्या वजनानिशी, काचा माझ्या गुडघ्यांत शिरल्या, आणि तरी ते बोटांमधून येतच राहिलं, कढत. तू माझ्याकडे बघत होतास. काहीतरी म्हणायला ओठ हलले. मी कान जवळ नेला. नुसता वारा.

काय म्हणत होतास? ‘ठिपका नाही’ असं? की ‘मारवलं नाही’? तू मला एक वाक्य दिलं असतंस तर मी त्याची दहा केली असती, तुला माहितीये. तू एकही दिलं नाहीस.

मी तुझ्यावर इतका चिडलोय की शोकसभेत तुझ्याबद्दल चांगलं बोलताना मी दातओठ खात होतो. आणि सांगतो, माझं लग्न मोडलं त्या हिवाळ्यात तू मला महिनाभर तुझ्या तळघरात ठेवून घेतलंस, रोज मटणाचा तांबडा रस्सा पाजलास आणि ‘कसा आहेस’ म्हणून एकदाही विचारलं नाहीस, त्याबद्दल आभार मानायचे राहिले. मानतो. घे.

नंतर डिटेक्टिव्हनं वहिनींना बोलावलं, मी सोबत गेलो. पिस्तुलाचे फोटो टेबलावर. त्यानं काचेवर पेन टेकवून विचारलं, “हे लाल काय आहे? रक्त नाही, आम्ही तपासलं.” मी सांगितलं, पूजा केली होती. “बंदुकीची?” म्हटलं, आम्ही मिक्सरचीही करतो. तो हसला नाही. म्हणाला, “हे उजेड मोजणाऱ्या सेन्सरवर आहे. सेन्सरला वाटलं असेल, अंधार आहे. तेवढ्या उन्हात ठिपका दिसणं कठीण.” सहज म्हणाला, हवामान सांगावं तसं. वहिनींना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यांनी आपलं उजव्या हाताचं अनामिकेचं बोट मुठीत झाकून घेतलं, आणि घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. काल मी तुझ्या घरी गेलो. वहिनी डायनिंग टेबल पुसत होत्या, पुसलेलंच पुन्हा पुसत होत्या. मी बसलो तशा थांबल्या.

“भाऊजी, तुम्ही आत होतात. माझं बोट तिथं लागलं नसतं, तर वाचले असते का हे?”

दिग्या, आयुष्यभर मी सहा फुटांचे सात केले, ते कशासाठी केले असतील? मी छाती पुढे काढली. म्हटलं, “वहिनी, काहीतरीच काय! ठिपका होता की! भडक, लालबुंद! मी कूलरमधून माझ्या या डोळ्यांनी पाहिला. त्या माणसाच्या छातीवर, बरोब्बर मधल्या बटणावर, थरथरसुद्धा नव्हती. कुंकवाचा काही संबंध नाही. दिग्याला ठिपका दिसत होता, आणि त्यानं मारलं नाही. त्याच्या मनानं मारलं नाही. समोर हात कापणारा माणूस बघून त्याला दया आली. अहो, असा ठिपका, टपोरा, त्या शर्टावर, मी अजून विसरू शकत नाही!” माझा आवाज चढला होता. मी टेबलावर बोट ठेवून ठिपक्याची जागासुद्धा दाखवली.

वहिनींनी माझं बोलणं संपू दिलं. मग मी बोट ठेवलं होतं तिथून फडकं फिरवलं आणि म्हणाल्या, “तो ठिपका छातीवर पडत नाही, भाऊजी. काचेतून बघणाऱ्यालाच दिसतो.”